कोचनं उत्तर द्यायचं नसतं

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. आम्ही पन्नासएक माणसं मात्र डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून रोज एका शाळेत जात होतो, आणि त्या शाळेत मुलं नव्हती. सुट्टी होती ना. सुट्टीत शाळा ओस असते हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. आमच्या खात्याला आणि त्यानं पुण्याहून बोलावलेल्या संस्थेला मात्र ते कळलेलं नव्हतं.

घडलं होतं ते असं. शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना आजवर आम्ही प्रशिक्षण देत आलो. त्याचा उपयोग होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आता प्रशिक्षण बंद आणि कोचिंग सुरू. जाणत्या माणसानं शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसायचं, पाठ बघायचा, मग त्याच्याशी बोलून त्याला पुढं न्यायचं. कल्पना वाईट नाही. माझ्या पहिल्या शाळेतले मुख्याध्यापक हेच करायचे, त्याला काही नाव न देता. पण आता त्याचं 'मॉडेल विकसित' करायचं होतं, तेही जूनच्या आत, आणि त्यासाठी मे महिन्यात पाठ बघायचे होते.

मी मोडनिंबकडच्या दहा-बारा शाळांची केंद्रप्रमुख. म्हणजे या शाळेतून त्या शाळेत फिरत राहणारी, वरचे हुकूम खाली आणि खालची रडगाणी वर पोचवणारी बाई. प्रश्न विचारायची मला जुनी खोड आहे. पहिल्याच दिवशी विचारलं, "पाठ बघायचे, पण मुलं कुठायत?"

संस्थेचे तज्ज्ञ गोड हसले. तिशीचे असतील. "मॅडम, मुलं आपणच व्हायचं."

आणि आम्ही मुलं झालो. पोट सुटलेले मुख्याध्यापक तिसरीच्या बाकात गुडघे दुमडून अडकले. एकाला तर उठवताना दोघांना ओढावं लागलं. प्रत्येकाला भूमिकेची चिठ्ठी मिळाली. माझ्या चिठ्ठीत होतं, 'तिसरीतली लाजाळू मुलगी, हातच्याची वजाबाकी येत नाही.' निम्मं आयुष्य मी हातच्याची वजाबाकी शिकवण्यात घालवलंय. आमचे विस्तार अधिकारी, ज्यांची गाडी फाटकात दिसली की भलेभले मुख्याध्यापक खुर्ची सोडून धावतात, त्यांना 'खोडकर मुलगा, सारखा पाणी प्यायला बाहेर जातो' अशी चिठ्ठी आली. ही भूमिका त्यांनी अगदी मनापासून केली. पाठ सुरू झाल्यावर जे पाणी प्यायला गेले ते जेवणाच्या वेळीच परत आले.

तिसऱ्या दिवशी मला वजाबाकी आली. म्हणजे शिक्षक झालेल्या गृहस्थांनी बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितलं आणि मी उकाड्याला कंटाळून पंचवीस म्हणून टाकलं. तज्ज्ञांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लिहिलं, 'अध्ययनात सुधारणा दिसून आली.' मला वाटलं गंमत करतायत. पण ते वाक्य पुढं मॉडेलच्या छापील पुस्तिकेत आलं, खाली माझा बाकावर बसलेला फोटो टाकून. घरी सगळे अजून त्या फोटोवरून मला चिडवतात.

दुसरा एक नियम होता. "इथं कुणी साहेब नाही, कुणी मॅडम नाही. सगळे समान. एकमेकांना नावानंच हाक मारायची." हे सांगताना तज्ज्ञ टेबलावर पाय सोडून बसले होते, आणि स्वतः मला मॅडम म्हणत होते ते वेगळंच. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाही, तिथं विस्तार अधिकाऱ्यांना नावानं हाक मारायची कुणाची छाती होणार? मग सगळ्यांनी हाक मारणंच सोडून दिलं. दिवसभर त्या हॉलमध्ये "अहो, हे बघा", "जरा इकडं", "ते तुमच्या शेजारचे" एवढंच चालायचं. समानता आली, बोलणं गेलं.

कोचिंगचा सराव तर बघण्यासारखा होता. एकानं शिक्षक व्हायचं, एकानं कोच. कोचनं आधी तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग फक्त प्रश्न विचारायचे. विस्तार अधिकारी शिक्षक झाले आणि टेंभुर्णीकडचे एक मुख्याध्यापक कोच. कोच आधी उभेच राहिले. हात जोडून म्हणाले, "साहेब, आपला पाठ अतिशय सुंदर झाला. तिन्ही गोष्टी चांगल्याच हायेत."

"आरं, आता प्रश्न इचार की. मी आत्ता साधा शिक्षक हाय."

"व्हय साहेब. मग... पुढच्या वेळी आपण वेगळं काय कराल?"

साहेबांची भुवई वर गेली. "पुढच्या वेळी म्हंजे? या वेळी काय चुकलं?"

कोच मटकन खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून सराव बदलला. अधिकाऱ्यांनी फक्त कोच व्हायचं, शिक्षक व्हायचं नाही. ज्यांना कधी कुणी काही विचारत नाही त्यांनी इतरांना विचारत राहायचं, हे तर आमच्या खात्यात आधीपासून चालूच होतं. त्यासाठी पुण्याहून माणूस आणायची गरज नव्हती.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. उन्हाळ्यात वेळ जायला काहीतरी लागतंच. पण तिथं एक मुलगी होती, आणि तिला खरोखर काहीतरी हवं होतं.

ती नुकतीच नोकरीला लागलेली. अक्कलकोटकडची, घरात कन्नड बोलणारी, लग्न होऊन सोलापुरात आलेली. तिला नेमणूक मिळाली होती माझ्याच केंद्रातल्या एका वस्तीवरच्या शाळेत. एक खोली, पुढं पत्र्याचा व्हरांडा, पहिली ते चौथी. तिथल्या जुन्या गुरुजींची बदली झाली होती आणि दुसरं कुणी येणार नव्हतं. जूनपासून ती एकटी. त्या मे महिन्यात नमुना पाठ घ्यायला तिलाच उभं केलं. बाकात अडकलेल्या मुख्याध्यापकांना तिनं काना-मात्रा शिकवली, आणि पाठ संपल्यावर तज्ज्ञांना सरळ विचारलं, "सर, पहिलीला शिकवताना माझ्या बाकीच्या तीन वर्गांचं मी काय करू?"

"तुम्हाला काय वाटतं?" तज्ज्ञ म्हणाले.

"मला माहीत नाही, सर. म्हणून तर विचारते."

"उत्तर तुमच्या आतच आहे."

"आत बघितलं, सर. नाहीये."

हॉल हसला. ती हसली नाही. तज्ज्ञ आमच्याकडं वळले आणि म्हणाले, "बघा, नेमक्या या क्षणी कोचला उत्तर द्यायचा मोह होतो. तो टाळायचा. कोचनं उत्तर द्यायचं नसतं."

मी हात वर केला. म्हटलं, दोन मिनिटं द्या, मी सांगते तिला.

"मॅडम, तुम्ही आत्ता तिसरीतली मुलगी आहात," तज्ज्ञ म्हणाले, आणि पुन्हा हॉल हसला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोहायला न येणाऱ्या माणसाला विहिरीत ढकलून काठावरून 'तुम्हाला पाण्याबद्दल काय वाटतं' असं विचारण्याचा हा प्रकार. ज्याला थोडंफार येतं त्याला प्रश्न विचारून पुढं नेता येतं, हे मलाही कळतं. जिला काहीच येत नाही तिला आधी सांगावं लागतं, दाखवावं लागतं, हात धरून करून घ्यावं लागतं. पण सांगायचं तर सांगणाऱ्याला स्वतःला यावं लागतं. प्रश्न विचारायला काही येण्याची गरज नाही, म्हणून हे मॉडेल खालपासून वरपर्यंत सगळ्यांना इतकं आवडलं असावं. भिंतीवरच्या कागदावर तिच्या प्रश्नापुढं लिहिलं गेलं, 'बहुवर्ग अध्यापन : अडचण नव्हे, संधी!' उद्गारचिन्हासकट.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. डोळे भरलेले. "मॅडम, माझं काही खरं नाही. पोरं ऐकणार नाहीत आणि मला तिथं कुणी विचारायलाही नाही."

"जूनमध्ये सकाळच्या गाडीला भेट," मी म्हटलं. माझं घरही सोलापुरातच, आणि रोजचं जाणं-येणं एसटीनंच.

मग सगळं त्या गाडीत झालं. सोलापूर ते मोडनिंब, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मी सांगायचे, ती ऐकायची, दिवसभर करून बघायची आणि संध्याकाळी कुठं फसलं ते सांगायची. मी तिला काही जगावेगळं सांगितलं नाही. जुन्या शिक्षकांना जे सवयीनं येतं तेच. चार वर्ग चार कोपऱ्यांत बसवू नकोस, नाहीतर दिवसभर कोपरे फिरत राहशील. सकाळी सगळ्यांना मिळून एक गोष्ट सांग. त्याच गोष्टीवर चौथीला लिहायला दे, तिसरीला प्रश्न काढायला दे, दुसरीला जोडीनं वाचू दे, आणि तोवर पहिलीला पायाशी घेऊन बस. दुपारी उलटं कर, मोठ्यांना जवळ घे.

पहिल्या आठवड्यात पहिलीची पोरं पळून गेली. तिच्या डोळ्यांदेखत उठली आणि घरी गेली. संध्याकाळी गाडीत ती रडकुंडीला आलेली. मी विचारलं, पहिलीचं तोंड कुणीकडं असतं? दाराकडं, म्हणाली. दारातून काय दिसतं? वस्ती, त्यांची घरं, त्यांच्या आया. मी कपाळावर हात मारला. "अगं, आई दिसल्यावर कोण थांबेल? पाठ फिरवून बसव त्यांना." दुसऱ्या दिवशी पोरं थांबली. गाडीत ती इतकी खूश होती की मॅडम म्हणायचं विसरली. "अक्का, सगळी बसली! एक पण गेला नाही!" तिच्याकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. तेव्हापासून मी तिची अक्का झाले.

गणपतीनंतर एकदा मी न कळवता शाळेवर गेले आणि व्हरांड्यात उभी राहिले. आत आवाज होता, पण कामाचा. चौथीतली एक मुलगी दुसरीच्या दोघींचं वाचन ऐकत होती आणि चुकलं की बोट ठेवत होती. तिसरीची पोरं पोटावर पालथी पडून लिहीत होती. ही मांडी घालून पहिलीबरोबर चिंचोके मोजत होती. मी आलेली तिला बराच वेळ कळलंही नाही. नोकरीत मी बरेच वर्ग बघितलेत, पण त्या दिवशी इतकं बरं वाटलं की परत जाताना मी मोडनिंबच्या स्टँडवर एकटीनं बसून दोन चहा प्याले.

मूग गिळून गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मासिक बैठकीत मी तिचं कौतुक केलं आणि ती बातमी वर गेली. लगेच तज्ज्ञ गाडी घेऊन आले, सोबत विस्तार अधिकारी आणि कॅमेरावाला. वस्तीवरच्या लोकांनी रीतीप्रमाणं टॉवेल, टोपी, नारळ देऊन सगळ्यांचा सत्कार केला. सत्कार, सत्काराला उत्तर, मग चहा. एवढ्यात शाळेचा निम्मा वेळ गेला. उरलेल्या वेळात तज्ज्ञांनी डोक्यावरची टोपी न काढता वर्ग बघितला, आणि मग तिला कॅमेऱ्यासमोर उभं करून विचारलं, "तुमच्या कोचनी तुम्हाला कोणते प्रश्न विचारले?"

"प्रश्न नाही सर. अक्कांनी सांगितलं, असं कर. नाही जमलं की म्हणायच्या, मग असं करून बघ."

"म्हणजे त्यांनी तुमच्या आतली उत्तरं बाहेर काढली."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी वर पत्र्याकडं बघत होते. "हो सर," ती म्हणाली.

महिन्याभरात हुकूम आला. तिची निवड जिल्ह्याच्या कोचच्या तुकडीत झाली होती. कागदावर नेमणूक वस्तीवरच्या शाळेतच, पण 'कामगिरी' सोलापुरात. काम काय, तर नव्या शिक्षकांना बहुवर्ग अध्यापनाचं कोचिंग देणं. हुकूम वाचून मी तडक तालुक्याच्या मोठ्या साहेबांकडं गेले.

"साहेब, ती तिथं एकटीच आहे."

"एवढी गुणी बाई, मॅडम. चांगली माणसं खालीच सडवायची का?"

"खाली म्हणजे वर्गात ना?"

"तसं नाही म्हणायचं मला." साहेब जरा चिडले. "शेजारच्या शाळेतले गुरुजी एक दिवसाआड जातील. झालं की मग."

एक दिवसाआड शाळा. म्हणजे गुरुजींच्या मूळ शाळेतही एक दिवसाआड. एका चांगल्या वर्गाच्या बदल्यात दोन अर्धे वर्ग, आणि याला आमच्याकडं व्यवस्था म्हणतात. एखादा शिक्षक चांगला शिकवतो असं दिसलं की त्याला पहिलं वर्गातून उचलायचं. जो शिकवत नाही तो बिचारा निवृत्त होईपर्यंत वर्गात सुखरूप असतो. मलाही असंच उचललं होतं. तेव्हा घरी पेढे वाटले होते आम्ही.

मला वाटलं होतं ती भांडेल. संध्याकाळच्या गाडीत तिनं खिडकीबाहेर बघतच सांगितलं, "अक्का, मला जायचंय." तिची मुलगी दोन वर्षांची. सकाळी झोपेत टाकून निघायचं आणि अंधार पडल्यावर घरी पोचायचं. सासू रोज बोलत होती. ऑफिस घरापासून रिक्षाच्या अंतरावर. यात ती काय वाईट करत होती? काहीच नाही. तरी मोहोळपर्यंत मी तो हुकूम रागानं पुन्हा पुन्हा वाचत बसले. मोहोळला मी म्हटलं, "जा." आणि तिचा हात हातात घेतला, कारण राग तिच्यावर नव्हता.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. सोलापुरात तिच्यासमोर नवे शिक्षक बसत होते आणि तेच विचारत होते, जे तिनं मे महिन्यात विचारलं होतं. "अक्का, मला येतंय. पण सांगायचं नाही म्हणतात. नुसतं विचारायचं, तुम्हाला काय वाटतं." मी म्हटलं, चहाच्या वेळी सांग. ती म्हणाली, चहाच्या वेळी साहेब शेजारी असतात.

त्यानंतर काही दिवसांनी मी वस्तीवर गेले. गुरुजींचा न येण्याचा वार होता, खोलीला कुलूप होतं. शेजारच्या रानातून ऊस भरलेला ट्रॅक्टर चालला होता आणि शाळेच्या व्हरांड्यात कुणीतरी मका वाळत घातला होता. पहिलीची पोरं तर एक दिवसाआडही येत नव्हती, हे मला गुरुजींनी आधीच सांगितलं होतं. मला बघून एक बाई आली, मागं तिची दुसरीतली मुलगी. जोडीनं वाचणाऱ्या दोघींतली एक. आज शाळा नाही हे माहीत असूनही पोरगी दप्तर अडकवून आली होती.

"मॅडम, आमच्या बाई कुटं गेल्या?"

"सोलापूरला. दुसऱ्या शिक्षकांना शिकवायला."

"काय शिकवायला?"

"एकट्यानं चार वर्ग कसे सांभाळायचे ते."

तिनं कुलपाकडं बघितलं. "मग हितले चार कोण सांभाळतंय?"

टोमणा नव्हता तो. एखादं नाव सांगेन अशी तिची खरोखर अपेक्षा होती. मी काहीतरी पुटपुटले, प्रयत्न चालू आहेत वगैरे, आणि माझं मलाच ते ऐकवेना.

"टेंभुर्णीच्या शाळंची गाडी आता वस्तीपातूर येती," ती म्हणाली. "तितं घालू का हिला? का बाई परत येत्याल? हितल्या गुरुजींना इचारलं तर ते म्हणत्यात तुमचं तुमी ठरवा. सरपंच म्हणत्यात बघू. तुमी म्हणाल तसं करते."

मला ठाऊक होतं की ही पोरगी गेली की तिच्यामागं बाकीची जातील, आणि मुलं नाहीत म्हणून ही खोली एक दिवस कायमची बंद होईल. माझंच केंद्र, माझीच शाळा. 'थोडं थांबा' म्हटलं असतं तर ती थांबली असती. माझ्या शब्दावर तिनं पोरीचं आख्खं वर्ष घालवलं असतं.

"न्या," मी म्हटलं. "बाई परत येणार नाहीत. दाखला मी उद्याच मिळवून देते."

तिनं पोरीच्या खांद्यावरचं दप्तर काढून स्वतःच्या हातात घेतलं.

"बरं झालं मॅडम, सांगितलंत," ती म्हणाली. "कुणी सांगतच न्हवतं."